हल्ली मुक्काम सुरत

प्रिय दगा,

पाकीट बघून तू आधी हसशील. चुलतभावाला पत्र कसलं लिहितो, फोनला काय धाड भरली, म्हणशील. फोन मी तीनदा लावला रे. एकदा तू शेतात होतास, एकदा पाऊसपाण्याचं बोलून मीच ठेवला, आणि काल तर वाजायच्या आत कापला. तू मध्येच ओरडायला लागलास की माझं अर्धं बोलणं पोटात राहतं, ही लहानपणापासूनची गत. म्हणून आज सुट्टी बघून लिहायला बसलोय. सकाळपासून दोन कागद फाडले, चार वेळा गॅलरीत जाऊन आलो, शोभाने ठेवलेला चहा थंड झाला. ती आतून म्हणते, आते तरी लिखी टाका. गल्लीतला धर्मेंद्र संध्याकाळच्या गाडीने गावी निघालाय, त्याच्या हाती हे द्यायचंय.

आपली धनश्री बारावी सायन्सला अठ्ठ्याऐंशी टक्क्यांनी पास झाली, हे तुला कळलंच असेल. तिला कापडाच्या रंगाईचं इंजिनिअरिंग करायचंय. मी म्हटलं, बाई, चोवीस वर्षं मी पलसाण्याच्या मिलमध्ये रंगाच्या वाफेत उभा आहे, त्यात आणखी काय शिकायचं असतं? तर म्हणे, कापड किती वेळ उकळायचं ते तुम्हाला माहीत आहे पप्पा, का उकळायचं ते मला शिकायचंय. पोरगी बोलली बरोबर, पण मी असं म्हणालो हे तिला सांगू नको, आधीच डोक्यावर बसलीय.

आता कॉलेज निवडायचं म्हणजे आपल्या घरात कोणाला काय कळतंय? स्थळ बघायला जायचं असतं तर मी दहा प्रश्न विचारले असते. आधी हायवेवरच्या एका कॉलेजात गेलो. सगळ्या काचा, आत गारेगार, आम्हाला थंडा पाजला. टाय लावलेला एक मुलगा गोड गोड बोलला आणि आजच्या आज पैसे भरा, जागा जाईल, म्हणाला. मिलमध्ये माल खपवायला येणारे दलाल मी रोज बघतो, मला त्याचा वास आला. धनश्रीचा हात धरला आणि बाहेर पडलो. मग वडोदऱ्याला गेलो. इमारत जुनी, पंखे कुरकुरणारे. पण आत प्रयोगशाळेत पाऊल टाकलं आणि दगा, तोच वास, आपल्या मिलचा. कोपऱ्यात कापड रंगवायच्या आमच्या जेट मशीनचं पोर म्हणावं एवढंसं मशीन. तिथल्या सरांनी विचारलं, तुम्ही ह्या लाईनमध्ये का? मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, कापड ओलं असताना चिमटीत पिळून, उजेडाला धरून शेड कशी ओळखायची. सर ऐकत राहिले. शेजारच्या दोन विद्यार्थ्यांना हाक मारून म्हणाले, हे नीट ऐका. धनश्री माझ्याकडे अशी बघत होती, जशी कधीच बघितली नव्हती. त्या दिवसापासून मला धड झोप नाही.

कारण फी आणि हॉस्टेल मिळून जो आकडा होतो, तो माझ्या पगारात बसत नाही, आणि कोणापुढे हात पसरणार नाही असं मी ठरवलंय. शाळेतल्या वंदना मॅडम घरी आल्या, स्वतः बसून इथल्या सरकारच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून दिला. मार्क बसतात, उत्पन्न बसतं, सगळं बसतं. अडलंय एका कागदावर. आम्ही इथले रहिवासी आहोत, असा दाखला पाहिजे. शेवटची तारीख वीस. दाखला नाही तर शिष्यवृत्ती नाही, आणि शिष्यवृत्ती नाही तर वडोदरा नाही.

तू म्हणशील, चोवीस वर्षं तिथे काढलीस, दाखल्याला काय अडचण? अरे, मी इथला कधी झालो? लग्नपत्रिकेत माझं नाव छापतात तेव्हा खाली काय असतं, ह. मु. सुरत. हल्ली मुक्काम. हे हल्ली चोवीस वर्षं चाललंय. रेशनकार्ड गावचं, मतदान गावचं, गावच्या दोन खोल्यांची चावी तुझ्याकडे. दर आखाजीच्या सणाला गावी आलो की ओट्यावर बसून मी तेच बोलतो, अजून दोन-तीन वर्षं, मग परतच येतो. तू हसत नाहीस, मान डोलावतोस. ते एवढ्या वर्षांत मला किती बरं वाटलंय, हे तुला कधी बोललो नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवलीय. आमच्या थोरल्या ललितने शिक्षण सोडलं तेव्हा मी गावभर सांगितलं की त्याचं मनच लागत नव्हतं. खोटं होतं ते. त्याचंही असंच अडलं होतं. तुझी ग्रामपंचायतीची निवडणूक होती त्या वर्षी. त्याला नुकती अठरा पुरी झालेली, मी मोठ्या ऐटीत त्याला पहिल्या मतदानाला गावी आणलं. तू दोन मतांनी मेंबर झालास, आणि आमच्या घरची मतं तीन. गुलालात आपण किती नाचलो! दुसऱ्या दिवशी सुरतला उतरून ह्याच दाखल्यासाठी ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसाने गावचं रेशनकार्ड बघितलं, मग माझ्या बोटावरची शाई बघितली, आणि म्हणाला, "वोट त्यां, ने दाखलो अहीं?" मत तिकडे आणि दाखला इकडे. रांगेतले लोक हसले. तो वाईट नव्हता बोलत. गावच्या कार्डातून नावं कमी करून कागद आणा, मग इथे करून देतो, असंही त्याने सांगितलं. ललित माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, चल, आपण काय इथे कायमचे राहणार आहोत? पुढच्या महिन्यात पोरगा हजीऱ्याला ठेकेदाराकडे कामाला लागला, तो आजही तिथेच आहे. परवा पगारातून त्याने बहिणीला हॉस्टेलसाठी बॅग आणली. कागदाचं अजून काहीच नक्की नाही, आणि बॅग घरात आली. ती दारामागे उभी आहे. येता-जाता मला दिसते.

तर आता ऐक, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. पाकिटात दोन अर्ज आहेत. एक रेशनकार्डातून आमची चौघांची नावं कमी करण्याचा, दुसरा मतदार यादीतून आम्हा तिघांची. वर्षअखेरीला तुझी निवडणूक आहे, आणि तुझीच तीन मतं तुझ्याच हाताने कापून आणायला मी तुला सांगतोय, हे मला समजतं. दुसऱ्या कोणाला सांगायला जीभ रेटली नाही. अर्ज लिहिताना 'राहणार'च्या पुढे सवयीने ह. मु. सुरत लिहून बसलो. धनश्री बाजूला उभी होती. "पप्पा, हल्ली नको," एवढंच म्हणाली आणि कोरा कागद पुढे सरकवला. मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला. सही करताना आपल्या ओट्यावर तू बसलेला दिसत होतास, रडू आलं, खोटं कशाला बोलू? चावी परत पाठवू नको, आखाजीला आम्ही येऊच. माझ्यावर ओरडायचं असेल तर पोटभर ओरड, पण आधी शिंदखेड्याला तहसीलमध्ये जाऊन ये. वीस तारखेला आता अकरा दिवस उरलेत.

तुझाच,
हेमराज धुडकू
राहणार गोडादरा, सुरत