कामिनीचा आडोसा

प्रिय छोट्या,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. भिंतीपलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहावं लागतंय, कारण तुझ्याशी बोलायला तोंड उघडलं की माझं डोकं फिरतं. वरचा मजला चढवलास, चढव खुशाल. पण खिडकी नेमकी माझ्या बागेवर? बाबा सकाळी उन्हात बसतात, घास अंगावर सांडतात, कधी कपडे ओले करतात. तू ते वरून बघतोस आणि आत्याला फोन करून सांगतोस, ताईने बाबांचे हाल मांडलेत. खाली यायला मात्र तुझ्या पायांना मेंदी लागलेली असते.

म्हणून आडोसा करायचं ठरवलं. आधी बांबू मनात आला. भराभर वाढतो, शिवाय मुळं भिंतीखालून जाऊन तुझ्या फरश्या उचकटतील, या विचाराने मला छान झोप लागली. पण ती मुळं माझ्याही फरश्या सोडणार नाहीत. कण्हेर दाट होते, पण विषारी. बाबा हल्ली हाताला लागेल ते तोंडात घालतात. बोगनवेलीला काटे. मधुमालती जाळीवर झरझर चढते आणि खाली नुसत्या काटक्या उरतात. शेवटी कामिनी घेतली. जमिनीपासून पानांनी भरलेली, छाटली की आणखी दाटणारी. तीही भिंतीशी नाही, बाबांच्या खुर्चीला लागून लावली, कारण वरून बघणाऱ्याला अडवायचं तर आडोसा बसणाऱ्याजवळच हवा. हळू वाढते म्हणून पुरुषभर उंचीचीच झाडं आणवली. त्या दिवशी मी खुर्चीत बसून पाहिलं, तुझ्या खिडकीच्या जागी नुसती हिरवी पानं! मी निवांत चहा प्यायले.

मग त्या आडोशाला भोक पडायला लागलं. पानं खुडलेली, डहाळ्या मोडलेल्या, रोज त्याच जागी. तुझ्याशिवाय कोणाचं काम असणार? भिंतीवरून तुझ्या बायकोला नाही नाही ते बोलले. माफी मागत नाही, पुढच्या भांडणातून वजा कर.

काल स्वयंपाकघरातून पाहिलं. बाबाच पानं ओरबाडत होते. भोकात तोंड घालून त्यांनी तुझ्या खिडकीकडे बघत हात हलवला. मला ते ओळखत नाहीत रे, 'अहो बाई' म्हणतात. भरवते मी, धुते मी, आणि हात हलतो तुझ्यासाठी! असा संताप आला तुझा! आणि तू काय केलंस? पडदा ओढलास. मी पाहिलं. बाबा तरी कितीतरी वेळ हात वर करून बसले होते.

भोक मी बुजवणार नाही. त्यांच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची ठेवली आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मलाही हौस नाही. पण येऊन बस. येणार नसशील तर ती खिडकी विटा लावून बंद कर. ओढलेल्या पडद्याला हात करणारे बाबा मला बघवत नाहीत.

तुझीच, दुसरी कुठून आणशील,
ताई