साक्षीदार हजर नाही

माय, आज पुन्हा नेरच्या कोर्टात गेलतो. माझी केस अजून चालूच आहे, आणि ती मिटल्याशिवाय लोहाऱ्याच्या कंपनीत मला ड्रायव्हर म्हणून घेत नाहीत. पोलिसांचा चांगल्या वागणुकीचा दाखला लागतो म्हणे. सुरत, नांदेड, कुठं कुठं भटकून झालं, आता एका जागी बसावं म्हटलं तर बसूही देत नाहीत. कोर्टाबाहेरचा चहावाला चहात गवती चहाची पात टाकतो, घसा मोकळा होतो. पण ते जाऊ दे.

लॉकडाऊनमध्ये मी सुरतहून कांद्याच्या ट्रकात बसून आलो, ते आता दुसऱ्या कोणाचं पाहिल्यासारखं आठवतं. तू गावची आशाताई, घरोघर ताप तपासत फिरणारी. दारात हात आडवा धरलास. "आत येऊ नोको. शाळेत जाय, ताट तिथंच येईन." हातावर क्वारंटाइनचा शिक्का, डोक्यावर शाळेचा मे महिन्यात तापलेला पत्रा. एका दुपारी राहवलंच नाही. मागच्या खिडकीतून निघालो आणि गावाच्या पिण्याच्या विहिरीत उडी मारली. पाणी इतकं गार होतं की मी हसलो. वर पाहतो तर काठावर एक बाई घागर घेऊन उभी. ती रिकामी घागर घेऊनच परत गेली, आणि त्या दिवशी अर्धं गाव पाण्यासाठी शेतातल्या बोअरवर.

तू येतेस. ओरडत नाहीस. पोलीस पाटील म्हणतात, "ताई, पोट्ट्याले दोन हाणा न् सोडून द्या. पोटचा हाय तुमच्या."

"परवा दुसऱ्याच्या पोराचं नाव देल्लं मी. आता माह्याच्या टायमाले आंधळी होऊ काय? उद्या मले दार कोण उघडंन?"

मी म्हणालो, "माय होय का हवालदार?"

"आता आशा हावो. माय संध्याकाळी जेवण घेऊन येईन."

माझं नाव पोलिसांत दिलंस. आणि संध्याकाळी आलीस. भाकर, वांग्याची भाजी शाळेच्या उंबऱ्यावर ठेवलीस आणि मी हात धुवेपर्यंत लांब उभी राहिलीस.

पुढच्या लाटेत घरोघर फिरता फिरता तूच गेलीस. यवतमाळच्या दवाखान्यानं नियमाप्रमाणे तुला आमच्या हाती दिलं नाही. लांबून एक बंद पिशवी दाखवली. मी मान हलवली. मग बस किती वाजता आहे ते विचारलं. रडलो नाही, अजूनही नाही.

माझ्या केसमध्ये तू सरकारची साक्षीदार. दर तारखेला शिपाई व्हरांड्यात येऊन आधी माझं नाव पुकारतो, मग तुझं. बाबांच्या नावासकट, आडनावासकट, तीनदा. मग आतून आवाज येतो, साक्षीदार हजर नाही, पुढची तारीख.

आज वकील चिडले. "अबे, साक्षीदार वारली हे काहून सांगत नाहीस? मृत्यूचा दाखला आणून दे, केस लवकर संपते. नोकरी पाहिजे ना तुले?"

"सापडून नाही राह्यला साहेब," म्हटलं. दाखला माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुला सांगतो. गावात आता नव्या बाईला आशाताई म्हणतात. घरी तुझा विषय निघाला की सगळे ताटात पाहतात. तुझं पूर्ण नाव मोठ्यानं घेणारा तो शिपाई एकटाच उरला आहे. आज पुढची तारीख पडली, आणि मला बरं वाटलं.