‘टेकडीखबर’चे वाचक

३ जानेवारी
निवृत्तीनंतर बारा वर्षांनी पुन्हा कामावर! नारायण पेठेत पिठाच्या गिरणीवर एक खोली, तीन कॉम्प्युटर, चहाचा थर्मास. पुण्याच्या टेकड्या कोण पोखरतंय, ते ऋचा आणि तिचे सोबती इथून ‘टेकडीखबर’ या वेबसाइटवर कागदपत्रांसह मांडतात. वाचकांच्या पत्रांना उत्तरं देण्याचं काम माझ्याकडे आलं. ऋचा तिशीची, जिभेने तिखट. म्हणाली, "सर, उत्तर द्या. निबंध नको." खालून ज्वारीच्या गरम पिठाचा वास येत होता. उगाच आठवीचा वर्ग आठवला; दुपारच्या तासाला साठ पोरं एका सुरात कविता म्हणायची, आणि मी डोळे मिटून खुर्चीत.

९ जानेवारी
एका बिल्डरच्या कचेरीतून निनावी लेख आला. लिहिणारा आतलाच माणूस, नाव ऋचालाही ठाऊक नाही. मी दुसऱ्या ओळीतच ओळखलं. टेकडी म्हणजे कुशीवर निजलेली आई, ही उपमा मीच फळ्यावर लिहून दिली होती. ती प्रत्येक निबंधात घुसडणारा एकच, शेवटच्या बाकावरचा बद्रीनाथ. जुन्या विद्यार्थ्यांकडून नंबर मिळवून फोन केला. त्याने लगेच कबूल केलं. म्हणाला, सर, कुणाला सांगू नका. कागदांचे फोटो नम्रता काढते, शेजारच्या टेबलावरची. मी शब्द दिला.

१७ जानेवारी
दहा तारखेला साइटवर टाकलेल्या त्या लेखावर ढीगभर पत्रं! सगळ्यांत गोड आप्पासाहेबांची. सदाशिव पेठेतले निवृत्त मास्तर, माझ्यासारखेच कवितावेडे. त्यांनी विचारलं, असा लेखक घडवणारे गुरुजी कोण? राहवलं नाही, मीच, म्हणून कळवलं. मग त्यांनी शिष्याचं नाव विचारलं. मास्तरापासून मास्तराने काय लपवायचं? बद्रीनाथचं नाव कळवलं. नम्रताचं नाही.

२२ जानेवारी
मंडईत इंदुबाईंकडून मेथी घेताना त्यांच्या मुलाच्या फोनवर लेख दाखवायला गेलो. पान उघडेना. खराडीला भाच्याला, आमोदला विचारलं. त्याच्याकडेही नाही. ऋचाने चाळीस जणांना फोन केले. अकरा तारखेपासून आपली साइट या खोलीबाहेर कुठेच दिसत नाही. फक्त आपल्याला दिसते.

मग त्यानंतर आलेली दोनशे पत्रं —

ऋचा शांतपणे म्हणाली, "म्हणजे आपल्याला एकच वाचक आहे, सर. तुम्ही त्याला काय काय लिहिलंत?"

मी खोटं बोललो. म्हटलं, फक्त आभार मानले.

२३ जानेवारी
बद्रीनाथचा फोन बंद. घरी गेलो. बायको म्हणाली, सकाळी दूध आणायला गेले ते आलेच नाहीत. चौकीत सांगतात, येईल, वाट बघा. दोन लहान मुली दारात उभ्या. मला आजोबा म्हणाल्या.

२४ जानेवारी
आप्पासाहेबांचं पत्र. ‘आपला विद्यार्थी फारच कमी बोलतो. फोटो कोण काढतं, एवढं कळवा. घरी जाईल.’ सोबत त्याचा आवाज पाठवलाय. तो फक्त ‘सर’ म्हणतो. सतरा वेळा. शेवटी शेवटी तर —

दुपारी
ऋचा वकिलाकडे गेलीय. मी एकटा. नम्रताचं नाव टाईप केलं. बघत बसलो. नाही. पुसलं. पाठवलं नव्हतं. पाठवायच्या बटणाला हातसुद्धा —

उत्तर आलं.

‘मिळालं. आभारी आहोत.’

चार वाजता
नम्रताच्या कचेरीत फोन लावला. लागेना. आता लागलाय, हातात धरूनच लिहितोय. एक माणूस अदबीने बोलतोय. म्हणतो, नम्रता मॅडम आत्ताच खाली गेल्या, कुणी आप्पासाहेब घ्यायला आलेत. मी म्हणालो, थांबवा, खिडकीतून हाक मारा. म्हणतो, खिडकीतच उभा आहे, सर. गाडीत बसताहेत. मागच्या सीटवर आधीच कुणीतरी आडवं पडलंय, तोंडावरून चादर —