वाल्मिक मिस्त्रीच्या कागदपत्रांविषयी, केवळ तुमच्या हितासाठी

किन्हवली,
माघ वद्य तृतीया

साडूकुलभूषण, स्लॅबाधिपती शेखरराव यांस,

थोरल्या साडूचा कौलांखालून नमस्कार. आपण, सौ. शीतल आणि आपला नवा हॉल, तिघांच्याही प्रकृती ठणठणीत असतील. (हॉलची विशेष चौकशी. भिंतीला ओल धरल्याचे ऐकले होते, पण ते खोटे निघाले. असो.) फोनच केला असता, पण तुमच्या फोनमागून तो हॉल घुमतो, आणि आमची ही स्पीकर लावून मला तो घुमार ऐकवते. म्हणून पत्र.

तुमच्या वास्तुशांतीहून परतल्यापासून आमच्या हिचे, म्हणजे भावनाचे, प्रत्येक वाक्य "शीतलकडे ना" या मंगलाचरणाने सुरू होते. शीतलकडे ना ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. शीतलकडे ना जिन्याला स्टीलचा कठडा. इथे माजघराचे आढे खचले आहे, आणि येत्या पावसाआधी वर स्लॅब पडला नाही तर आढेच आमच्यावर पडणार. षड्रिपूंपैकी पाच मी नोकरीतच आटोक्यात आणले (शिक्षकाचा पगार त्या कामी फार उपयोगी). सहावा मात्र तुमच्या पंगतीत, दुसऱ्या जिलबीच्या सुमारास अंगात शिरला, तो अजून मुक्कामाला आहे.

त्यातच कळले की वरचा मजलाही तुम्ही त्याच वाल्मिक मिस्त्रीला देताय. म्हटले, धाकटा साडू भोळा. मुलगी द्यायची तर आपण चार गावांत विचारपूस करतो आणि घर मात्र कुणाच्याही हाती देतो! त्याची ठेकेदार म्हणून नोंदणी आहे का, आधीच्या घरांना परवानगी होती का, हे कोणी पाहिले? (मी तरी कुठे पाहतो म्हणा, आमची पडवी ज्याने वाढवली त्याचे आडनावही मला आठवत नाही.) रजा काढली आणि एसटीत बसलो.

तुमच्या टोकावड्याच्या ग्रामपंचायतीत काजल नावाच्या मुलीने रजिस्टर काढून दिले. वाल्मिकची अकरा घरे, अकरा परवानग्या, नकाशांसकट. तुमची तर पूर्णत्वाच्या दाखल्यासकट. मी म्हटले, पुन्हा एकदा बघा बरे. ती म्हणाली, "सर, काय वाकडं मिळालं नाय म्हणून तुमाला वाईट वाटतंय का?" हल्लीच्या मुली चेहरा फार लवकर वाचतात.

मग त्याच्या गावी, वैशाखरेला. चहाच्या टपरीवर विचारले, माणूस कसा, व्यसन वगैरे, भांडणतंटा? टपरीवाल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि उरलेला चहा तसाच टाकायला लावून थेट वाल्मिकच्या आईकडे, सकुबाईंकडे नेऊन बसवले. पोहे आले. वर खोबरे होते. मी म्हणालो, "मुलाचे कागद बघायचे होते." म्हातारीने हर्षभराने देव्हाऱ्यामागून पत्रिका काढली. शेखरराव, मला पत्रिका वाचता येते हा माझा दोष. मी गुरू उच्चीचा आहे इथपर्यंत वाचून गेलो, तेव्हा बाईंनी विचारले, "पोरगी शिकलेली किती?"

मी सांगितले की मला मुलगी नाही, एकटा अक्षय.

"मंग पोहे कशाला खाल्लेस रे?"

मी नजर वर वळवली. नोंदणीचा कागद भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता. मुदत संपायला अजून दोन वर्षे.

तात्पर्य, तुमचा मिस्त्री अत्यंत हट्टी आहे. परवानगी हाती पडेपर्यंत वीट ठेवत नाही. स्लॅबला एकवीस दिवस पाणी मारायला लावतो (पाण्याची केवढी ही नासाडी!). अशा माणसाशी तुमचे पटणे कठीण. वरच्या मजल्याचा विचार सोडावा, ही कळकळीची विनंती.

आपला हितचिंतक,
थोरला साडू

ता. क. — त्याच्याकडे कारागिरांची टोळी एकच आहे. तुम्ही सोडलाच, तर त्याला इकडे धाडा.

ता. क. २ — काल तो आपण होऊन आमच्याकडे येऊन गेला. आढे पाहिले, पडवी पाहिली आणि म्हणाला, "सर, माझे कागद तुमी बघितले, आता तुमचे दाखवा." पडवीची परवानगी निघाली नाही. आधी ती रीतसर करून घ्या, मग माप घेतो म्हणाला. मला! तुमची परवानगीची फाइल नमुन्यासाठी पाठवावी. शीतलला कळू देऊ नये.

शेखरराव, पाकीट मीच चिकटवतेय, म्हणून हे खाली लिहिते. तुम्ही वरचा मजला पुढच्या वर्षावर टाकून वाल्मिकला आधी आमच्याकडे धाडलंत, हे शीतलनं मला कधीच सांगितलंय. यांना मात्र कळता कामा नये. तुमच्या उपकारानं मिळतोय म्हटलं तर हे आढ्याखाली चिरडून घेतील, पण स्लॅब पडू देणार नाहीत. तेव्हा आठ दिवस थांबा, आणि मग जरा कुरकुरत, नाइलाजानं "बरं" असं उत्तर लिहा. फाइल माझ्या नावानं पाठवा. — भावना