दोन नंबरची टाकी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, समुद्रालगतच्या साडेचार एकर द्राक्षमळ्याची आणि तिथल्या वाइनच्या तळघराची मालकीण, कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. नाकाचं त्यांनी विचारलं नाही. उद्या सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून ही घाई.

१. राहतं घर आणि ट्रॅक्टर मुलाला. मळा नाही. मी जिवंत असताना त्याने हॉटेलवाल्याला जागा मोजून दाखवली, हे मी विसरलेले नाही. कितीही आदळआपट केली तरी हे कलम बदलणार नाही.

२. छाटणीच्या कात्र्या धाकट्या दिरांना. आमची नेलेली शिडी त्यांनी आधी परत करावी.

३. मळा, तळघर, किल्ल्या आणि आमच्या पांढऱ्या वाइनचं नाव सूनबाईला. लोक तोंडात बोटं घालतील, कारण चारचौघांत तिला सर्वांत जास्त मीच बोलले आहे. आता खरं लिहिते. दोन वर्षांपूर्वीच्या तापात मला वास येईनासा झाला, चवही गेली. कोणाला कळू दिलं नाही. पेला नाकाशी न्यायचा, मान डोलवायची आणि सहज विचारायचं, "तुला काय वाटतं गं?" ती सांगेल तेच तासाभराने मी माझं म्हणून सांगायचे.

परवा ती न विचारता म्हणाली, "आई, दोन नंबरची टाकी बाटल्यांत भरू नका. कुजका वास येतोय."

कामगार ऐकत होते. माझा पारा चढला. "काल आलेली तू, मला शिकवतेस?" म्हटलं आणि भरायचा हुकूम देऊन टाकला.

संध्याकाळी तिने स्टीलच्या पेल्यात नमुना आणला. मी घोट घेऊन म्हणाले, "छान. शेवटी खारट झाक येते, तीच आपली ओळख."

तिने दार लावलं. "आई, पाणी आहे ते."

तिने हे अजून कोणालाही सांगितलेलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आहे.

४. ती टाकी ओतून द्यावी. पण मृत्युपत्र माझ्यामागेच लागू होणार, आणि बाटल्या उद्या आठलाच भरायला घेणार. मुलगा माझाच हुकूम पुढे करील. तेव्हा नुसतं लिहून भागायचं नाही.

स्थळ: तळघर. दिनांक: २१ सप्टेंबर, दुपारी चार.
सही: मालकीण

साक्षीदार: आम्ही, डॉक्टर आणि पंपमिस्त्री, बाईंना सही करताना पाहिलं. त्यानंतर त्यांनी आम्हाला थांबवलं, मुलाला, सुनेला आणि कामगारांना बोलावलं. "नाक हिचं आहे. माझं दोन वर्षांपूर्वीच गेलं," असं सर्वांसमोर सांगून त्यांनी दोन नंबरच्या टाकीचा नळ स्वतः उघडला. टाकी रिकामी होईपर्यंत आम्ही हजर होतो.