सोड्याच्या पाण्यातला व्हॉल्व्ह

आई, कुठून सुरुवात करावी याचा विचार करत होते, तर आपलं मखमलाबादचं स्वयंपाकघरच डोळ्यांपुढे आलं. गॅसवर जुनं पातेलं, त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी रटरटतंय आणि पाण्यात जीपचा व्हॉल्व्ह. स्टोव्हचे बर्नर तू असेच उकळून लख्ख करायचीस. हाही तसाच निघेल, असं तू धरून चालली होतीस. मी बारावीला होते, आणि त्या वासाने माझं डोकं उठलं होतं.

बाबा जाऊन वर्ष झालं होतं. शेवंती आणि गुलाब फूलबाजारात तूच न्यायचीस, बाबांची जुनी जीप तूच चालवायचीस, आणि नेमकं तेच काकांना खुपायचं. जीप काळा धूर ओकायला लागली, चढावर तिचा दम जायला लागला, तेव्हा त्यांना आयतंच कारण मिळालं. "वहिनी, गाडी हे बाईमाणसाचं काम नाय. मालेगावचा एक जण घेतो म्हणतोय, देऊन टाकू." जीप गेली की फुलांचा व्यवहारही त्यांच्याच हातात जाणार, हे तुला कळत होतं. मलाही कळत होतं.

मुंबई नाक्यावरच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून ईजीआर व्हॉल्व्ह दाखवला. इंजिनाचा थोडा धूर परत इंजिनातच फिरवायचा, म्हणजे हवेत विष कमी जातं, एवढंच त्याचं काम. तो काजळीने चिकटून उघडाच राहिला होता. "ताई, पत्रा मारून बंदच करून देतो. सगळे तेच करतात. नायतर घरी न्या, वरवरची काजळी काढा." तू तो पिशवीत घातलास आणि घरी आणून उकळलास. काजळी गेली, आणि तिच्याबरोबर आतला रबरी पडदाही गेला. तो परत नेला तेव्हा मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर मी तुझ्यावर ओरडले, "मार ना आता पत्रा! कोणाला दिसणारे?" तू पातेलं घासत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "मला दिसंल ना. मोडलं मी, तर नीट बी मीच करनार. उद्या तुझे काका म्हणतील, बाईनं बिघडवलं आनि झाकून ठेवलं. आनि ते खरंच असंल." एवढं कडक तू माझ्याशी क्वचितच बोललीस.

नवा व्हॉल्व्ह मुंबईहून यायचा होता. तोवर जीप दारात उभी, आणि तू टोपल्या घेऊन एसटीने जायचीस. कंडक्टर कुरकुरायचा, गर्दीत फुलं चेंगरायची, भाव पडायचा. काका रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन विचारायचे, "आला का पार्ट?" मालेगावचा माणूस येतो, जीपभोवती फिरतो, टायरला लाथ मारून बघतो. मी दाराआड उभी आहे. तू चहाचा कप घेऊन बाहेर जातेस आणि म्हणतेस, "चहा घ्या. गाडी विकायची नाय."

व्हॉल्व्ह आला, तेव्हा मिस्त्रीला नुसतं शेजारी उभं केलंस आणि पदर खोचून स्वतः बसवलास. नवं गॅस्केट, वरची नळी, नट, सगळं त्याला विचारून विचारून. मग काकांना पुढच्या सीटवर बसवून बाजारात घेऊन गेलीस. जीप चढ सरसर चढली म्हणे. परत आल्यावर काका फक्त शेवंतीच्या भावाबद्दल बोलले, आणि विक्रीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. मला तेव्हा तुझा किती अभिमान वाटला, हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

तू जाऊन आता बरीच वर्षं झाली. जीप माझ्याकडे आहे, फारशी फिरत नाही. हल्ली पुन्हा काळा धूर टाकते. मिस्त्रीचा मुलगा म्हणतो, व्हॉल्व्ह पार जाम झालाय, नवा मिळतो, अर्ध्या तासाचं काम आहे. मी त्याला पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात म्हणत टाळते आहे. लोकांच्या तोंडावर धूर सोडत फिरते म्हणून तू मला फाडून खाल्लं असतंस.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तू गेल्यापासून त्या व्हॉल्व्हला कोणी हात लावलेला नाही. त्याचे नट शेवटचे तू आवळलेले आहेत, आई. ते सोडवायला माझा जीव होत नाही.