दाभणाचे सात टाके

श्री
निघोजे, चाकण
१८ नोव्हेंबर २०२५

सौ. विजयश्रीस मंजुषाताईचे अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. त्या दिवशी रणजीत तुझ्या माहेरी जेवून मग माझ्याकडे ओवाळून घ्यायला आला, तेव्हा मी चार शब्द बोलले. बोलणारच. आई गेल्यावर माझ्या भावाला मी वाढवलंय. आता पिंपळे सौदागरहून चाकण त्याला लांब पडतं.

एक बातमी देते, तुला उशिरा कळेल. त्याच्या पोलीस पथकाला आलेली नवी बुलेटप्रूफ जॅकेटं आमच्याच कंपनीची निघाली. आतल्या लेबलचा फोटो त्याने आधी मला पाठवला. तो लॉट मी शिवलाय!

नुसत्या जॅकेटने पिस्तुलाची गोळी अडते. रायफलची अडवायची तर छातीवर आणि पाठीवर कडक प्लेट हवीच. ती जड होते म्हणून हा गाढव काढून ठेवतो. तू सांगून ऐकत नसेल तर माझं नाव सांग.

माया आहेच, तुझ्याकडूनही थोडी येऊ दे.

तुझी,
मंजुषाताई

*

श्री
पिंपळे सौदागर
२७ नोव्हेंबर २०२५

ती. मंजुषाताईंना विजयश्रीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोटो आधी तुम्हाला गेला हे वाचून माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू. पथकाला कधीही निघावं लागतं म्हणून ते जॅकेट घरीच असतं. शेजारी आले की हे ते खुंटीवरून काढून दाखवतात आणि माझ्या ताईने शिवलंय म्हणून सांगतात. मी शिवलेला सदरा मात्र एकदाच अंगाला लागला.

म्हणून काल चंपाषष्ठीला मी निमगावच्या खंडोबाचा भंडारा पुरचुंडीत बांधला आणि जॅकेटच्या आत, नेमका काळजावर, शिवून टाकला. वरचं कापड चेन उघडून निघतं. आतली काळी पिशवी भलतीच चिवट, दाभण घ्यावं लागलं. यांना सांगितलेलं नाही. तुमचे हजार टाके असतील ताई, त्यात सात आता माझेही आहेत.

भाचरांना गोड पापा. आमच्यावरचा जीव कमी करू नये.

आपली,
विजयश्री

*

निघोजे
शनिवार, २९ नोव्हेंबर

विजयश्री,

अकरा वेळा फोन लावला. आता आमच्या ह्यांना हे पत्र देऊन मोटरसायकलवर पाठवतेय. वाचल्याशिवाय त्यांना चहासुद्धा देऊ नकोस.

ती काळी पिशवी हवाबंद असते, आतल्या कापडाला घाम-पाणी लागू नये म्हणून. ते कापड भिजलं की त्याचा जोर जातो आणि एरवी अडणारी गोळी आरपार जाऊ शकते. तू तिला काळजावरच भोकं पाडलीस गं! ते जॅकेट त्याने आता अंगात घालायचं नाही. जमा करून दुसरं घ्यायचं.

रणजीतला फोन लावला होता आणि वाजायच्या आत कापला. तुझी चूक वाचून आधी मला बरंच वाटलं होतं. आता तो तुझ्यावर चिडेल, माझ्याकडे येईल, असं मनात आलं. भाऊ मरायची वेळ आणि मला हे सुचावं! लाज वाटली. म्हणून तूच सांग, आजच सांग.

मंजुषाताई

*

श्री
पिंपळे सौदागर
२ डिसेंबर २०२५

ती. ताईंना शि. सा. न.

शनिवारीच सांगितलं. ते हसले. पुरचुंडी त्यांना आदल्याच दिवशी सापडली होती. आपल्याच हातून तारेला अडकून फाटलं असं लिहून देऊन त्यांनी जॅकेट जमा केलं होतं. नवं यायला आठ दिवस लागणार होते. मला अपराधी वाटू नये म्हणून मला सांगितलं नाही, आणि तुम्ही मला बोलाल म्हणून तुम्हालाही नाही. मी सुटले असं समजून निवांत झोपले.

काल दुपारी महाळुंगेकडच्या एका गोदामात पथक गेलं. आतल्या माणसाने गावठी पिस्तुलातून गोळी झाडली. ती यांच्या छातीवर बसली आणि जॅकेटमध्येच अडकली. पुरीएवढा काळानिळा डाग आहे, बाकी सुखरूप आहेत. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलंय.

जॅकेट कुणाचं, ते मी सकाळी विचारलं. त्यांच्या गाडीवर बरकत म्हणून ड्रायव्हर आहे. आत तू जाणार, मला गाडीतच बसायचंय, असं म्हणून त्याने स्वतःचं काढून यांच्या अंगात घातलं. गोदामाच्या दारासमोर गाडी चालू ठेवून तो तासभर नुसत्या शर्टावर बसला होता. त्याची सलिमा सात महिन्यांची गरोदर आहे. आपल्या माणसाच्या अंगात जॅकेट होतं असंच ती धरून चाललीय.

मी येत्या रविवारी तिच्याकडे जाऊन सगळं सांगणार आहे. एकटीने तिच्यासमोर उभं राहवणार नाही. ताई, तुम्ही माझ्याबरोबर चला. माझ्यावर राग असेल तो वाटेत काढा, पण या.

तुमची,
विजयश्री